इझारचे फोटो आणि मुठेचं पाणी

पुण्यातल्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून वाद पेटला की दोन्ही बाजूंना परदेश आठवतो. समर्थक युरोपातल्या दगडी काठांचे आणि सायकलमार्गांचे फोटो टाकतात, विरोधक म्युनिकच्या इझार नदीच्या मोकळ्या, नैसर्गिक काठांचे. मी म्युनिकमध्ये राहतो, त्यामुळे मला हमखास साक्षीला ओढलं जातं. "अरे, तूच सांग आता!"

तर सांगतो. इझार ही काही जपून ठेवलेली रानटी नदी नाही. या शहरानंच तिला सरळ करून काँक्रीटच्या काठांत कोंबलं होतं आणि तिचं पाणी विजेसाठी बाजूच्या कालव्यात वळवलं होतं. मग 2000 ते 2011 या काळात दक्षिणेकडचा 8 किलोमीटरचा पट्टा सुमारे साडेतीन कोटी युरो खर्चून मोकळा केला. काठ फोडले, 50 मीटरचं पात्र जागोजागी 90 मीटरपर्यंत रुंद केलं, मासे वर चढावेत म्हणून बंधाऱ्यांच्या जागी मोठ्या दगडांचे उतार केले. काम चालू असतानाच ऑगस्ट 2005 मध्ये मोठा पूर आला. वरच्या सिल्व्हेनश्टाइन धरणानं बराचसा अडवला आणि उरलेलं पाणी रुंद पात्रातून निघून गेलं. मुळात पूरसंरक्षण हाच या कामाचा मोठा हेतू होता. उन्हाळ्यात गोट्यांवर पहुडणारी माणसं, म्हणजे तुम्हाला फोटोत दिसतात ती, नंतरची. (रविवारी संध्याकाळी त्यांच्या शेगड्यांचा धूर आणि मागे उरलेल्या बाटल्या मात्र कुणी फोटोत घेत नाही.)

शहराच्या आतल्या भागासाठी 2003 मध्ये स्पर्धा झाली. पहिला आलेला आराखडा आखीव-रेखीव काठांचा होता. लोकांनी आणि नदीप्रेमी संस्थांनी विरोध केला, तेव्हा बऱ्याच चर्चेनंतर तडजोडीचा आराखडा निघाला. भांडणं इथंही होतात. फरक इतकाच की भांडणानंतर कागदावरची रेघ हलली.

पुण्याचा प्रकल्प 44 किलोमीटर काठाचा आणि सुमारे 4,700 कोटींचा. आराखडा साबरमतीचा काठ घडवणाऱ्या अहमदाबादच्या संस्थेचा. पूर आटोक्यात राहील असं महापालिका म्हणते. भरावानं पात्र आवळलं जाईल, असं विरोधक म्हणतात. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलेलं पाहिल्यावर मला तरी विरोधकांचं म्हणणं अधिक पटतं. काठावरचे वाळुंज आणि करंज तोडून दुसरीकडे रोपं लावू, हा हिशेबही मला कळत नाही. जुन्या झाडाबरोबर त्याच्या मुळांनी धरलेला काठही जातो.

पण विरोधकांनाही एक सांगायला हवं. इझारला आल्प्सच्या बर्फाचं पाणी मिळतं. खडकवासला धरणाखाली एप्रिलमध्ये मुठेत मैलापाण्याशिवाय फारसं काही वाहत नाही. अशा नदीचे काठ कितीही नैसर्गिक ठेवले तरी तिथं जलपर्णी आणि डासच वाढणार. म्युनिकला पोहता येतं, कारण वरच्या गावांची शुद्धीकरण केंद्रं सांडपाण्यावर अतिनील किरणांची प्रक्रिया करून मगच ते नदीत सोडतात. आपल्याकडे 11 मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी 'जायका' या जपानी सरकारी संस्थेचं कर्ज 2016 मध्ये मिळालं. त्या कामाची आणि काठाच्या कामाची कोनशिला मात्र एकाच दिवशी बसली, 6 मार्च 2022 ला. मला सगळ्यात खटकतं ते हे. सहा वर्षं मैलापाण्याचं काम थांबू शकतं, तर काठाची फरशीही थांबू शकली असती.

"तिकडे बसून बोलायला काय जातं?" असं घरचेच विचारतात. रास्त आहे, मुठेवरचा भिडे पूल बुडाला की वळसा त्यांनाच पडतो. म्हणून फोटोंऐवजी एक प्रश्न पाठवतो. म्युनिकच्या वरच्या अंगाला वाल्खनझे वीजकेंद्राला इझारचं पाणी वळवण्याचा परवाना 2030 मध्ये संपतोय. त्यानंतर नदीत किती पाणी सोडायचं, यावर बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, आत्तापासून हमरीतुमरी चालू आहे. आपल्याकडे धरणं जलसंपदा विभागाची, काठ महापालिकेचा; मग भर उन्हाळ्यात मुठेत किती क्युसेक स्वच्छ पाणी सोडणार, हे या दोघांपैकी कुणी लेखी देईल का? तो आकडा हाती आला की काठाच्या आराखड्यावर पुन्हा बसू.