हा एकशे अठरा कोण?

बँकेचा मेसेज रात्री अकरा वाजून बावन्न मिनिटांनी आला. सुरुवात 'प्रिय ग्राहक' अशी. मला प्रिय म्हणणारी माणसं आता फार उरलेली नाहीत, आणि जी उरली आहेत ती त्यापुढच्या वाक्यात पैसे मागतात. म्हणून मी आधी चष्मा लावला. किमान सरासरी शिल्लक न राखल्याबद्दल माझ्या खात्यातून ४२४ रुपये ८० पैसे वजा झाले होते.

ते ८० पैसे बघून मला खरंच भरून आलं. पन्नास पैशांखालची नाणी २०११ सालीच बंद झाली. म्हणजे हे ८० पैसे मी रोख भरतो म्हटलं तरी देशात कुठे जुळायचे नाहीत. पण बँकेने ते माझ्या खात्यातून बरोबर हुडकून काढले.

खातं मुळात पगाराचं होतं. जुन्या कंपनीने उघडून दिलेलं, झीरो बॅलन्सचं, लाडाकोडाचं. नोकरी बदलली, पगार दुसऱ्या बँकेत जायला लागला, आणि तीन महिन्यांनी या खात्याचं सोवळं उतरलं. ते साधं बचत खातं झालं आणि त्याला दहा हजारांची अट चिकटली. हे मला कळवलंही असेल. पण आपली बँक आपल्याला इतकं काही कळवत असते, की त्यात एखादी खरी बातमी असेल असं मनातच येत नाही.

खातं बंद न करण्याचं कारण म्हणजे मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता तिथून कापला जायचा. हप्ता बरोब्बर दहा हजार, तारीख तेरा. मी एक तारखेला तेवढेच दहा हजार त्यात टाकायचो. बारा दिवस ते तिथे नांदायचे, तेराव्याला जायचे, मग महिनाअखेरपर्यंत खात्यात शुकशुकाट. या शिस्तीचा मला अभिमान होता.

बँकेचं गणित वेगळं होतं. रोजची दिवसअखेरची शिल्लक घ्यायची, तिची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचं. माझी सरासरी आली चार हजार. तूट सहा हजार. तुटीच्या सहा टक्के म्हणजे ३६० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६४ रुपये ८० पैसे. दंडाचं मी समजू शकतो. पण जीएसटी सेवेवर लागतो. इथे सेवा कोणती दिली? तर माझ्याकडे पैसे नाहीत हे मला सांगितलं. ही सेवा आमच्या आईने मला जन्मभर फुकट दिली.

खरा खेळ पुढच्या महिन्यात झाला. एक तारखेला मी नेमाने दहा हजार टाकले. आठ तारखेला त्यातून ते ४२४.८० गेले, सुरुवातीचा तो मेसेज याच रात्रीचा. तेरा तारखेला हप्ता घ्यायला आलेल्याला खात्यात ९,५७५ रुपये २० पैसे दिसले आणि तो हात हलवत परत गेला. हप्ता परत गेल्याचे बँकेने ५०० अधिक जीएसटी असे ५९० घेतले. कर्ज देणाऱ्यांनी आपले म्हणून वेगळे ५९० लावले. ३६० रुपयांच्या त्या बीजातून पाच दिवसांत १,६०४ रुपये ८० पैशांचं झाड उभं राहिलं. हप्ता मी दुसऱ्या खात्यातून भरला, त्यामुळे इथले नऊ हजार महिनाभर तसेच पडून राहिले आणि माझी सरासरी शिल्लक कधी नव्हे इतकी चढली. तरी दहा हजार काही भरले नाहीत. मग पुन्हा तूट आणि पुन्हा मेसेज, 'प्रिय ग्राहक'.

शाखेत गेलो. टोकन ६३. काउंटरवर दोरीने बांधलेलं पेन होतं, त्यात शाई नव्हती. म्हणजे किमान शिल्लक न राखणारा तिथे मी एकटा नव्हतो. खिडकीमागचा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा आणि फार सालस.

"सर, ते आम्ही नाही कापत. सिस्टीम घेते."

पूर्वी लोक देवी कोपली म्हणायचे, तोच सूर. मी म्हटलं, या सिस्टीमला भेटता येईल का? तो समजूतदार हसला आणि कॅल्क्युलेटरवर मला सरासरी समजावून सांगायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दहा हजारांची सरासरी म्हणजे तीस दिवसांची मिळून तीन लाखांची बेरीज. एखाद्याने एका रात्रीपुरते तीन लाख खात्यात झोपवले आणि सकाळी उचलून नेले, की उरलेले एकोणतीस दिवस खातं रिकामं असलं तरी तो सज्जन. आणि महिनाभर रोज नऊ हजार जिवापाड सांभाळणारा गुन्हेगार. हे मी त्या मुलाला सांगितलं. त्याने कॅल्क्युलेटरवर करून बघितलं आणि म्हणाला, "हो की."

एवढ्यात शेजारून आवाज आला, "दादा, जरा बघता का हे?"

आमच्या बिल्डिंगमध्ये दोन घरी पोळ्या करणाऱ्या मावशी होत्या. हातात पासबुक, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. दिवस ऑगस्ट २०२४ चे. 'लाडकी बहीण'चे जुलै-ऑगस्टचे मिळून तीन हजार जमा होत होते आणि शाखेत लाडक्या बहिणींची रांग दारापर्यंत गेली होती. मावशींनी पासबुक उघडून बोट ठेवलं. आधीची शिल्लक ११ रुपये. जमा ३,०००. त्याच तारखेला खाली चार ओळी: वजा ११८, वजा ११८, वजा ११८, वजा ११८.

"हा एकशे अठरा कोण हो? चार येळा आलाय."

मी सांगितलं, तो शंभर रुपये दंड आणि अठरा रुपये कर आहे. खात्यात पैसे नव्हते त्याचा.

"नव्हते म्हणून तर सरकारने पाठवले ना?"

याचं उत्तर त्या मुलाकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. रिझर्व्ह बँकेकडे अर्धं आहे. तिचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. ते मी टोकन ६३ ची वाट बघताना मोबाइलवर वाचून काढलं होतं, तेवढा वेळ बँकेने आनंदाने दिला होता. शिल्लक कमी पडली तर ग्राहकाला आधी कळवा, भरायला महिन्याची मुदत द्या, दंड तुटीच्या प्रमाणात लावा, आणि निव्वळ या दंडापायी खातं उणे होऊ देऊ नका, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. बँक हे तंतोतंत पाळते. खातं उणे करत नाही, फक्त दाराआड दबा धरून बसते. मावशींच्या खात्यात ११ रुपये होते तोवर कोणी फिरकलं नाही. तीन हजारांचं पाऊल उंबऱ्यात पडलं आणि चार महिन्यांचे चार एकशे अठरा एकदम उठून उभे राहिले. आणि आधी कळवायचं म्हणाल तर कळवलं होतं, मावशींच्या मुलाच्या नंबरवर. त्याने ते सिमकार्ड टाकून दोन वर्षं झाली होती.

अशा तक्रारी त्या दिवसांत राज्यभरातून आल्या, आणि या पैशातून काही कापू नका असं सरकारला बँकांना सांगावं लागलं. पण ११८ ही काही एका बाईची गोष्ट नाही. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत नुसत्या सरकारी बँकांनी किमान शिल्लक नसल्याच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केले, असं सरकारनेच संसदेत सांगितलं. त्यातही स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्येच बंद केला होता. तरी इतके. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांच्याकडून साडेआठ हजार कोटी काढायचे, ही विद्या आमच्या गावच्या सावकाराला अवगत नव्हती. त्याला बिचाऱ्याला ज्याच्याकडे काहीतरी आहे तोच लागायचा, निदान बायकोची नथ तरी. २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी हा दंड सोडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका बड्या खासगी बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी किमान सरासरी ५०,००० केली आणि ओरडा झाल्यावर चार दिवसांत १५,००० वर उतरली. आमच्या भाजीवाल्याच्या वरताण.

असो. मी त्या मुलाला म्हटलं, मावशींचं खातं बेसिक बचत खात्यात बदलून द्या. त्याला किमान शिल्लक लागत नाही आणि मागितलं की द्यावं लागतं. 'परिपत्रक' हा शब्द मी जरा मोठ्याने उच्चारला, तशी आतून मॅनेजरबाई आल्या. फॉर्म निघाला. शाईचं पेनही निघालं. चार एकशे अठरांपैकी दोन रिव्हर्स झाले.

मग मी हळूच म्हटलं, मलाही तेच खातं द्या.

मॅनेजरबाईंनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. "सर, ते गरिबांसाठी असतं."

मी सांगितलं की त्याला उत्पन्नाची अट नाही. शिवाय तुमच्याच सिस्टीमने मला लागोपाठ दोन महिने गरीब ठरवून पावती दिली आहे. आता शेवटच्या क्षणी माघार घेऊ नका. बाईंनी फॉर्म दिला. दंडातला एक पैसा मात्र परत दिला नाही.

बाहेर पायरीवर मावशी पासबुक पुन्हा पिशवीत गुंडाळत उभ्या होत्या. "दादा, तुमचा कितीचा होता हो?"

"चारशे चोवीस. आणि वर ऐंशी पैसे."

"अगं बाई!" त्या हळहळल्या. "बरं झालं मग. माझा तर बारकाच होता." आणि माझ्याकडे अशा मायेने बघितलं की मला वाटलं, आता या पोळ्यांचे पैसे नको म्हणतात की काय.