केस मोकळे सोडलेली ती बाई

शनिवारी रात्री भाच्यासोबत ‘रिंगू’ हा जपानी भुताचा सिनेमा पुन्हा पाहिला. त्यातलं भूत, सादाको, टीव्हीतून बाहेर यायला लागली तसा तो हसला. "मावशी, परत तेच? पांढरे कपडे, तोंडावर केस, विहीर. या सगळ्या भुतांचा युनिफॉर्म एकच आहे का गं?" मला हसू आलं नाही. दोन दिवस ते डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितेय.

हो रे बाबा, युनिफॉर्मच आहे. जपानमध्ये मेलेल्या माणसाला पांढरा किमोनो घालून निरोप द्यायची रीत आहे, ते कपडे तिथून आले. आणि केस? 1825 साली तिथल्या काबुकी या पारंपरिक रंगभूमीवर ‘योत्सुया काइदान’ हे नाटक आलं. त्यातल्या ओइवाला औषध म्हणून विष देतात, कारण तिच्या नवऱ्याशी दुसऱ्या मुलीचं लग्न लावायचं असतं. चेहरा विद्रूप झालेली ओइवा केस विंचरायला बसते आणि कंगव्याबरोबर पुंजकेच्या पुंजके हातात येतात. 1998 च्या सादाकोच्या तोंडावरचे केस मला त्याच घरातले वाटतात. तिची ती अंगावर काटा आणणारी चाल आठवते? रिए इनो या अभिनेत्रीला उलटं चालायला लावलं आणि ते चित्रण उलट्या क्रमाने दाखवलं. आपल्या हडळीचे पाय उलटे, हिची चालच उलटी.

आपल्याकडे बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण होते म्हणतात. थायलंडच्या लोककथेतली ‘नाक’ नावाची बाई तशीच. नवरा लढाईवर गेलेला, ही बाळंतपणात गेली, तरी तो परत आला तेव्हा बाळाला घेऊन घरात हजर. बँकॉकच्या महाबुत मंदिराच्या आवारात तिचं देऊळ आहे. लोक तिला कपडे वाहतात आणि तिच्या बाळासाठी खेळणी ठेवतात. तिला भितातही आणि तिच्याकडे मागणंही मागतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

म्हणून "तेच तेच" म्हटलं की मला वाईट वाटतं. जिवंतपणी जिचं कोणी ऐकून घेतलं नाही, ती बाई पुन्हा पुन्हा येणारच. मला राग येतो तो नुसते केस उचलून ती बाई विसरणाऱ्या सिनेमांचा. दर दहा मिनिटांनी मोठ्ठा आवाज करून दचकवायचं, बास.

‘रिंगू’त काय केलंय बघा. विहिरीतून सादाकोचा सांगाडा मिळतो, नायिका त्याला कुशीत घेते. आपल्याला वाटतं, चला, सुटली बिचारी. आपल्या गोष्टींत उत्तरकार्य नीट झालं की भूत शांत होतं ना! इथे दुसऱ्या दिवशी टीव्ही पुन्हा आपोआप चालू होतो. इतक्या वर्षांनी कोणीतरी येऊन डोक्यावरून हात फिरवला म्हणून झालेलं भरून निघत नाही, हे इतकं स्पष्ट सांगणारा दुसरा भुताचा सिनेमा मी पाहिलेला नाही.

आणि माझा सगळ्यात लाडका, ‘रिंगू’च्याच दिग्दर्शकाचा, हिदेओ नाकाताचा, 2002 चा ‘डार्क वॉटर’. पाहिला नसेल तर इथेच थांबा, शेवट सांगणार आहे. घटस्फोटाच्या भांडणात मुलीचा ताबा मिळवायला धडपडणारी आई, जुनाट इमारतीतला फ्लॅट, छतावर ओलीचा डाग. तो डाग रोज थोडा पसरतो, मग ठिबकायला लागतो. इमारतीच्या माणसाला सांगितलं तर तो लक्ष देत नाही. पावसाळ्यात वरच्या मजल्यावरून गळतं तेव्हा सोसायटीत खेपा घातलेल्या कुणालाही ही भीती वेगळी समजवावी लागणार नाही. माझ्या बेडरूमच्या कोपऱ्यातही तसला डाग आहे आणि हा सिनेमा पाहिल्यापासून रात्री दिवा घालवण्याआधी तिकडे नजर जातेच.

त्यातलं भूत पिवळा रेनकोट घातलेली एक लहान मुलगी आहे, गच्चीवरच्या टाकीत पडून मेलेली. तिला सूड नको, आई हवी. शेवटी लिफ्टमध्ये आई आपली मुलगी समजून जिला उराशी धरून उभी असते ती ही निघते, आणि तिची स्वतःची इकुको बाहेर. आई क्षणभर इकुकोकडे बघते. मग त्या मेलेल्या पोरीला जवळ घेऊन म्हणते, मी तुझी आई. दार बंद होतं. इकुको रडत जिने चढत वर धावते. लिफ्ट उघडते तेव्हा आतून गढूळ पाण्याचा लोंढा येतो, आणि आत कोणीच नसतं.