चकमकीच्या बंदुकीला दोन स्टार देणाऱ्या गिऱ्हाइकास, दुकानाकडून

नमस्कार. "पन्नास यार्डांवर गोळ्या दहा इंच फाकतात, हरीण समोर असताना तीनदा फुसका बार निघाला, आजोबांची ठासणीची बंदूक असं कधी करत नव्हती, केपाची मागितली तर जुनाट माल गळ्यात मारला" असं तुम्ही लिहिलंत. आमची चूक आधी सांगतो. २४ डिसेंबरच्या गर्दीत आमच्या मुलाने तुम्हाला कोणती गोळी वापरणार हे विचारलंच नाही. ते विचारल्याशिवाय ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक विकायची नसते. याबद्दल मनापासून माफी मागतो.

चकमकीची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणारी, दिली ते मात्र बरोबर होतं. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरातल्या ठासणीच्या शिकार-हंगामात केपाची, म्हणजे ठोक्याने फुटणाऱ्या छोट्या टोपीने दारू पेटवणारी, बंदूक चालते. पण तुम्हाला नाताळनंतर जंगलात जायचं होतं आणि तो हंगाम १९७४ पासून फक्त चकमकीचा आहे. केपाची घेऊन गेला असता तर दंड भरून आला असतात.

शनिवारी तुम्ही बंदूक आणलीत तेव्हा आपण दोघांनी मिळूनच पाहिली. नळीच्या कानात, म्हणजे आग आत जायच्या भोकात, तार घातली तर काळा चिकट गाळ बाहेर आला. चकमकीची धार बोथट झाली होती. सगळ्यात मोठी गोष्ट नळीत होती. गोळी ठासायच्या गजावर घट्ट फडकं गुंडाळून आत सरकवलं तेव्हा गज किती हळू वळत होता, आठवतंय? नळीत गोळीला फिरवणाऱ्या मळसूत्री खाचा असतात, आणि त्या नळीत त्यांचा ६६ इंचांत एक फेरा आहे. अशी नळी फडक्यात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी करतात. तुम्ही दुसरीकडून आणलेल्या लांबट गोळ्यांना त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने फिरवणारी नळी लागते, २८ इंचांत एक फेरा असलेली. तुमच्या नळीतून त्या डळमळतच निघणार. आजोबांची बंदूक, गावाकडच्या बहुतेक ठासणींसारखी, आतून गुळगुळीत असणार. तिथे फेऱ्याचा प्रश्नच नसतो. म्हणून हे तुमच्या लक्षात आलं नाही, यात तुमचा दोष नाही.

फुसक्या बारांचं कारण दारूत आहे. तुमच्या डब्यात काळ्या दारूऐवजी मिळणारी पर्यायी दारू होती. केपावर ती चालते, पण चकमकीच्या बंदुकीत भरवशाने पेटत नाही. नळीत खरी काळी दारूच हवी आणि रंजक, म्हणजे कानाबाहेर ठिणगी झेलायला टाकायची दारू, त्याहून बारीक, कोरडी. शिवाय रात्री बंदूक घरात हीटरजवळ ठेवून पहाटे थंडीत नेलीत, असं तुम्हीच म्हणालात. थंड झालेली बंदूक उबेत आणली की तिला घाम फुटतो आणि त्यात रंजक भिजते. हंगामात ती पडवीत किंवा गॅरेजमध्येच राहू द्या, अर्थात रिकामी आणि कुलपात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर हरणासाठी .५० ची, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीची, गोल गोळीची बंदूकच घ्यावी आणि साठ-सत्तर यार्डांच्या आतच बार टाकावा. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टरच्या जर्मन कारागिरांनी ज्या लांब नळ्या घडवल्या त्या गोल गोळीसाठीच होत्या, आणि नीट ठासली तर तुमच्या नळीतूनही गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसतील. जखमी हरीण हातातून निसटून जाणं मला सगळ्यात जास्त खुपतं, म्हणून एवढं लिहितोय.

तुम्हाला हवं असेल तर बंदूक परत करा, सगळे पैसे देतो. ठेवायची असेल तर येत्या रविवारी सकाळी या. .४९० इंचाच्या गोळ्या, तेलाचं फडकं, काळी दारू आणि दोन नव्या चकमकी आमच्याकडून. आपण मिळून वीस बार काढू. गज विसरू नका. गोळी तळाशी पोचली की तो किती बाहेर राहतो, तिथे खूण करायची आहे.