फ्लॅश चिपला एक बाइट लिहायला चार राइट का लागतात: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. मागच्या लेखात मी ३९एसएफ०४० या पॅरलल फ्लॅश चिपची (वीज गेल्यावरही डेटा टिकवणाऱ्या मेमरीची) कमांड लिहिण्याची पद्धत सांगितली होती. तुमचं म्हणणं असं की हा सगळा द्राविडी प्राणायाम आहे. एका बाइटसाठी खऱ्या डेटाआधीचे तीन ठरावीक राइट (म्हणजे चिपवर लिहिण्याच्या तीन क्रिया) फुकट जातात आणि म्हणून तुमच्या घरगुती प्रोग्रॅमरला (चिपमध्ये डेटा भरणाऱ्या उपकरणाला) ५१२ केबीची चिप भरायला बारा मिनिटांच्या वर लागतात. याला संरक्षण म्हणावं, तर सीआयएच व्हायरसने ते पोकळ असल्याचं दाखवून दिलं आहे, आणि नव्या एसपीआय (मोजक्या तारांवरून एकेक बिट घेणाऱ्या) चिपांनी तर ही प्रथा सोडूनच दिली आहे. चारही मुद्द्यांवर माझं मत वेगळं आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी वेळेचं बघू, कारण तिथे हिशेब करता येतो. या चिपचा एक राइट ७० नॅनोसेकंदांत होऊ शकतो. म्हणजे ज्यादा तीन राइटचे २१० नॅनोसेकंद. प्रत्यक्ष बाइट चिपच्या मेमरी पेशींत उतरायला मात्र साधारण १४ मायक्रोसेकंद लागतात, जास्तीत जास्त २०. चिपमधल्या ५,२४,२८८ बाइटांचा गुणाकार केला, तर पेशींत लिहिण्याचे ७ सेकंदांहून थोडे जास्त होतात आणि तुम्हाला खटकणाऱ्या तीन राइटचे सगळे मिळून सेकंदाचा नववा भाग. बारा मिनिटं इथून येणं शक्य नाही.

ती कुठून येतात ते तुम्ही दिलेल्या कोडमध्येच दिसतं. प्रत्येक राइटसाठी तुम्ही संगणकावरून सिरियलने ॲड्रेसचे तीन बाइट आणि डेटाचा एक असे चार बाइट पाठवता. चार राइटचे झाले सोळा. ११५२०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट) वेगाने एका बाइटला ८७ मायक्रोसेकंद धरले, तर चिपमधल्या एका बाइटमागे जवळपास १.४ मिलिसेकंद. पूर्ण चिपला बारा मिनिटं आणि वर काही सेकंद, म्हणजे तुमचा आकडा अगदी बरोबर जुळतो. पहिले तीन राइट कधीच बदलत नाहीत, ॲड्रेसही एकेक पुढे सरकतो. हे दोन्ही प्रोग्रॅमरमधल्या मायक्रोकंट्रोलरमध्येच करा आणि तारेवरून फक्त डेटा येऊ द्या. मग एका बाइटमागे एकच बाइट, पूर्ण चिप पाऊण मिनिटात. पुढचा बाइट सिरियलवर येतोय तेवढ्यात आधीचा पेशींत उतरून झालेला असतो.

आता खरा प्रश्न: हे तीन राइट हवेतच कशाला? या चिपला ॲड्रेसच्या पिना आहेत, डेटाच्या आहेत, शिवाय चिप निवडण्याची, वाचण्याची आणि लिहिण्याची पिन. ‘ही कमांड आहे’ असं सांगणारी वेगळी पिनच नाही. जे काही सांगायचं ते त्याच बसवरून (ॲड्रेस-डेटाच्या ओळींवरून), साध्या राइटच्या रूपात. आणि ज्या बसवरून तुमची कमांड जाते, त्याच बसवर कचराही येतो. वीज जाताना व्होल्टेज उतरत असतं, प्रोसेसर भरकटतो, लिहिण्याची ओळ थरथरते. रॅममध्ये चुकीचा बाइट पडला तर पुन्हा बरोबर लिहून मोकळं होता येतं. फ्लॅशमध्ये प्रोग्रॅम करणं म्हणजे फक्त १ चा ० करणं. एका बिटाचा ० पुन्हा १ करायचा, तर ४ केबीचा पूर्ण सेक्टर पुसावा लागतो.

म्हणून ५५५५ वर एए, मग २एएए वर ५५, मग ५५५५ वर ए०, आणि चौथ्या राइटला तुमचा ॲड्रेस आणि तुमचा डेटा. (हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात आहेत.) पहिले दोन राइट बिटांत मांडून बघा. एए म्हणजे १०१०१०१०, ५५ म्हणजे ०१०१०१०१. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना डेटाच्या आठही ओळी उलटतात. ॲड्रेसचंही तसंच: ५५५५ कडून २एएए कडे जाताना ए० ते ए१४ नावाच्या पंधराही ओळी उलटतात (हा ए० ओळीचं नाव, वरचा आकडा नव्हे). एखादी ओळ अडकली असेल तर हा क्रम तयारच होत नाही. भरकटलेला प्रोग्रॅम मेमरी ओळीने भरत सुटला तरी होत नाही, कारण त्याचे ॲड्रेस एकापुढे एक जातात, असे उलटसुलट उड्या मारत नाहीत. क्रमात कुठेही वेगळं काही आलं की चिप सगळं सोडून वाचनाच्या स्थितीत परत जाते. दोन आकड्यांत एवढं साधणारी रचना मला मनापासून आवडते. ज्यांनी ती ठरवली त्यांनी बसची एकेक ओळ डोळ्यांपुढे ठेवली होती हे दिसतं.

पुसण्याच्या कमांडला तर सहा राइट आहेत. एए, ५५, मग ८०, पुन्हा एए, ५५, आणि शेवटी सेक्टरच्या ॲड्रेसवर ३०. ज्याने सर्वात जास्त नुकसान होऊ शकतं, त्याआधी चिप तीच ओळख दोनदा मागते.

ही पद्धत फ्लॅशपुरती नाही. २८सी२५६ या ईईप्रॉममध्येही (विजेने पुसता येणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मेमरीतही) एए, ५५, ए० हाच क्रम आहे, फक्त तिथे तो बंदही करता येतो. ज्यांनी तो बंद ठेवून चिप सर्किटमध्ये लावली आणि वीज बंद-चालू करताना एकदोन बाइट बदललेले पाहिले, त्यांना या तीन राइटची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

सीआयएचबद्दल. तैवानच्या चेन इंग-हाऊने १९९८ मध्ये लिहिलेला हा व्हायरस २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर पेटला आणि अनेक संगणकांचं बायोस (फ्लॅश चिपमधला, संगणक सुरू करणारा प्रोग्रॅम) त्याने खराब केलं, हे खरं. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. त्या व्हायरसने फ्लॅशमध्ये लिहिण्याची वाट माहीत करून घेतली होती आणि जाणूनबुजून तीच वापरली. कमांडचा क्रम डेटाशीटमध्ये (चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकात) छापलेला असतो, त्यात गुपित काहीच नाही. तो अपघात रोखण्यासाठी आहे, हेतू रोखण्यासाठी नाही. हेतू रोखायचा तर राइट प्रोटेक्टची पिन, बोर्डावरचा जंपर, बूट ब्लॉकचं कुलूप ही साधनं वेगळी आहेत आणि ती वापरलीच पाहिजेत.

एसपीआय चिपांनीही प्रथा सोडलेली नाही, तिचं रूप बदललं. डब्ल्यू२५क्यू६४ घ्या. ०६ पाठवून लिहिण्याची परवानगी घ्यायची, मग ०२, तीन बाइटांचा ॲड्रेस आणि डेटा. चिप निवडीची ओळ बाइट पुरा होण्याच्या आत किंवा पुढच्या बाइटच्या मध्ये वर गेली, तर चिप ती कमांड अमलातच आणत नाही. आणि एक पान लिहून झालं की परवानगीचा बिट आपोआप उतरतो, पुढच्या पानाला पुन्हा ०६. इथे एका परवानगीत २५६ बाइट जातात म्हणून ती जाणवत नाही, एवढंच.

तुमच्या कोडमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. सेक्टर पुसल्यावर तुम्ही ठरावीक वेळ थांबता. त्याऐवजी चिपलाच विचारा. काम चालू असताना कोणताही ॲड्रेस वाचला तरी डेटाचा ६ क्रमांकाचा बिट (मोजणी ० पासून) दर वाचनाला उलटतो. सलग दोन वाचनं सारखी आली की काम संपलं. डेटाशीट सांगते त्याप्रमाणे त्यानंतर आणखी दोनदा वाचून खात्री करा.

बदल केल्यावर लगेच डेटा ओतू नका. आधी एए, ५५ नंतर ५५५५ वर ९० लिहून चिपची ओळख (निर्माता आणि मॉडेलचे क्रमांक) वाचा. ॲड्रेस ० वर बीएफ आणि १ वर बी७ यायला हवं. मग एफ० लिहून बाहेर या. ओळख बरोबर आली तर क्रम आणि तारा दोन्ही ठीक आहेत. वेगळं काही आलं, तर ए१४ ची तार आधी तपासा.