‘बाळ निळं पडत नाही ना? मग कशाला तपासता?’

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा तोच मेसेज पुन्हा फिरला: ‘डाउन सिंड्रोमच्या बाळांच्या हृदयाला भोक असतंच. ती वीस वर्षांपलीकडे जगत नाहीत. ऑपरेशन त्यांना सोसत नाही. बाळ निळं पडत नसेल तर तपासणीही नको.’ पाठवणाऱ्या काकांच्या मनात काही वाईट नाही. पण देवगडात माझ्या भाचीच्या वेळी असल्याच सल्ल्यांत आमचे दोन महिने गेले, म्हणून लिहिते.

‘असतंच’ हे चूक. साधारण निम्म्या बाळांना हृदयदोष असतो, बाकीच्यांना नसतो. कोणाला आहे हे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतो, आणि बाळ गुटगुटीत दिसलं तरी तो पहिल्या महिन्यातच करायचा.

खरी मेख त्या ‘निळं पडत नसेल’मध्ये आहे. जन्मानंतर काही आठवडे फुप्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळे भोक मोठं असूनही डॉक्टरांना स्टेथोस्कोपने छातीत त्याचा आवाज ऐकू येईलच असं नाही. आमची पोर निळी कधीच पडली नाही. चार घोट दूध प्यायली की थांबायची, कपाळावर घामाचे थेंब. मे महिना, दमट हवा. आम्ही पंखा वाढवला! दाब उतरला की जादा रक्त फुप्फुसांकडे जातं आणि धाप लागते. तसंच ठेवलं तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड होतात, दाब परत चढतो, धाप कमी होते आणि घरचे म्हणतात, ‘सुधारलं हो.’ पुढे रक्त उलटं वाहून बाळ निळं पडतं, तेव्हा भोक बुजवायची वेळ टळलेली असते. डाउनच्या मुलांत हे लवकर घडतं. म्हणून एव्ही कॅनालसारखा (हृदयाच्या मधोमध, कप्प्यांच्या पडद्यांत मोठं भोक) मोठा दोष बहुधा तीन ते सहा महिन्यांच्या वयात दुरुस्त करतात.

ऑपरेशन सोसतं. या दोषात अनुभवी केंद्रांमधले निकाल इतर मुलांइतकेच चांगले आहेत. छातीच्या संसर्गामुळे मुक्काम लांबू शकतो, एवढी तयारी ठेवा.

वीस वर्षांचा आकडा जुना. अमेरिकेत 1983 च्या सुमारास सरासरी आयुष्य पंचवीसच्या आसपास होतं, आता साठच्या घरात आहे. तेव्हा कित्येक मुलांना हृदयाचं ऑपरेशनच नाकारलं जायचं.

पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, दोन्हींची चौकशी सरकारी दवाखान्यात करा. त्रास आहे तो प्रवासाचा. आम्ही फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठलं. वहिनीने वाटेत तीनदा गाडी थांबवून पोरीला पाजलं, दर वेळी चार-चार घोट.