ब्रायटन रेल्वेने वसवलं नाही, ब्लॅकपूल एकट्या स्पेनने बुडवलं नाही

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचा मतितार्थ असा: ‘ब्रिटनमधली समुद्रकाठची सुट्टीची गावं रेल्वेने जन्माला घातली. लोक तिथे ऊन खायला जात. समुद्रात घुसलेले खांबांवरचे लांबलचक धक्के, म्हणजे पिअर, ही निव्वळ हौस. पुढे स्पेनची स्वस्त विमानं आली आणि ही गावं मेली.’ पहिली तीन विधानं चुकीची आहेत. चौथ्यात थोडं तथ्य आहे, पण खरं कारण त्यातून निसटतं.

आधी रेल्वे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनची लोकसंख्या १८०१ च्या जनगणनेत सुमारे ७,३०० होती, १८४१ मध्ये ती ४६,००० च्या वर गेली. ही दुसरी जनगणना झाली जूनमध्ये आणि लंडनहून रेल्वे आली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. म्हणजे गाडीची पहिली शिट्टी वाजण्याआधीच गाव सहापटीने वाढलेलं होतं. राजपुत्र, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज, तिथे १७८३ पासून येत होता. पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद तिथे वाफेचं स्नानगृह चालवत आणि गिऱ्हाइकांना मालिश करत. इंग्रजीतला ‘शाम्पू’ आपल्याकडच्या ‘चंपी’शी नातं सांगतो, आणि तो शब्द तिकडे रुजवण्यात त्यांचा मोठा हात होता. मार्गेटला तर लंडनकर टेम्स नदीतून आधी शिडाच्या होड्यांनी आणि १८१५ पासून आगबोटींनी जात.

आता उलट बाजू पाहा. कापडगिरण्यांच्या लँकेशर परगण्यातल्या ब्लॅकपूलला रेल्वे १८४६ मध्ये पोचली, पण १८५१ मध्ये तिथे जेमतेम अडीच हजार वस्ती होती. १९०१ मध्ये ती ४७,००० झाली. रूळ तेच होते. मधल्या काळात बदलली ती गिरणी कामगाराची मजुरी आणि त्याची सुट्टी. हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

‘ऊन खायला जात’ हे तर विसाव्या शतकातलं चित्र मागच्या काळावर चिकटवणं झालं. सुरुवातीला समुद्र हे औषध होतं. डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपाय सांगणारा लॅटिन प्रबंध छापला. ते रुग्णांना समुद्रात बुडी मारायला सांगत आणि खारं पाणी प्यायलाही देत. पाणी थंडगार असणं हाच उपचाराचा गाभा होता. मार्गेटला १७९१ मध्ये स्थापन झालेलं समुद्रस्नानाचं रुग्णालय हे गरीब क्षयरोग्यांसाठी होतं. तिथे मौजमजेचा प्रश्नच नव्हता.

त्या काळी समुद्रात उतरायची पद्धत बघितली की हे आणखी स्पष्ट होतं. मोठ्या चाकांवरची एक लाकडी खोली असे. स्कारबरोच्या १७३५ च्या एका चित्रात ती दिसते. माणूस जमिनीकडच्या दाराने कोरड्या कपड्यांत आत शिरायचा. घोडा खोली पाण्यात ओढत नेई आणि तोवर आत कपडे बदलून व्हायचे. पुरेसं पाणी लागलं की घोडा सोडून दुसऱ्या टोकाला जुंपायचा, कारण खोली वळवता येत नसे. समुद्राकडच्या दाराला पायऱ्या असत. त्यांच्याखाली ‘डिपर’ म्हणवणारी दणकट बाई उभी असायची, ती स्नानाला आलेल्या बाईला धरून पाण्यात बुडवून काढायची. मार्गेटच्या बेंजामिन बील यांनी दाराबाहेर पाण्यापर्यंत उतरणारी कॅनव्हासची छपरी जोडली, म्हणजे किनाऱ्यावरून काही दिसू नये. अडचण भरती-ओहोटीची. पाणी सरकलं की खोली कोरडी पडे किंवा चाकं रेतीत रुतत, म्हणून ती सतत पुढे-मागे हलवावी लागे.

पिअरचं कारणही हीच ओहोटी. टेम्सच्या मुखावरच्या साउथएंडला ओहोटीत पाणी दीड किलोमीटरहून जास्त मागे जातं आणि उरतो तो चिखल. आगबोट किनाऱ्याला लागणार कशी? म्हणून १८३० मध्ये लाकडी धक्का उघडला आणि खोल पाणी गाठेपर्यंत तो वाढवत नेला. आजचा लोखंडी पिअर १८८९ चा, लांबी २.१६ किलोमीटर. बोटीतून उतरणाऱ्यांकडून पैसे घेता घेता फिरायला येणाऱ्यांकडूनही घेता येतात हे मालकांच्या ध्यानात आलं. नाच-गाण्याचे मंडप त्यानंतरचे.

असे बरेच पिअर उभे राहिले ते स्क्रूच्या खांबांवर. खांबाच्या तळाशी रुंद लोखंडी पातं असतं. खांब ठोकायचा नाही, पिळत पिळत रेतीत उतरवायचा. हे तंत्र बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल या अंध अभियंत्याचं, आणि युजिनियस बर्च यांनी ते पिअरसाठी वापरलं. ब्रायटनचा वेस्ट पिअर (१८६६) त्यांचाच. खांब टिकतात, घात होतो तो वरच्या लाकडाचा. फळ्यांच्या फटींतून खालचा वारा आगीला फुंकर घालतो आणि ओहोटीत खाली बंबाला पाणी नसतं. वेस्ट पिअर १९७५ मध्ये बंद पडला आणि २००३ च्या आगींनी तो संपवला.

राहिला स्पेन. लँकेशरमध्ये उन्हाळ्यात प्रत्येक गिरणगाव आपल्या ठरलेल्या आठवड्यात बंद होई, त्याला ‘वेक्स वीक’ म्हणत. भोंगा थांबे, बॉयलरची दुरुस्ती होई आणि अख्खं गाव समुद्राकडे निघे. आज ओल्डहॅम, पुढे बोल्टन, मग आणखी कुणी. ब्लॅकपूलच्या खानावळी त्यामुळे आठवड्यामागून आठवडा भरलेल्या राहत. ही रजा बहुधा बिनपगारी असे. आपल्या भिशीची आठवण यावी अशा मंडळांत कामगार वर्षभर पैसे साठवत. पगारी सुट्टीचा कायदा आला १९३८ मध्ये. कापडगिरण्या बंद पडत गेल्या तशी ही साखळी तुटली, आणि हे मुंबईच्या गिरणगावाला वेगळं सांगायला नको. त्यातच तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करायला सुचवणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतरच्या वर्षांत अनेक किनारी गावांची रेल्वे गेली: सिडमथ १९६७, हन्स्टंटन १९६९, इल्फ्राकूम १९७०. स्पेनचं ऊन आणि खोलीतच न्हाणीघर यांनी गिऱ्हाईक ओढलं हे खरं, पण तोवर पाया खचलेला होता.

आणि ‘मेली’ म्हणताना कुठली? इसेक्सच्या किनाऱ्यावरच्या जेविकची स्थिती खरोखर वाईट आहे. इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित वस्त्यांच्या यादीत ते २०१०, २०१५ आणि २०१९ मध्ये पहिलं आलं. तिथली घरं मुळात उन्हाळ्यापुरती बांधलेली होती, त्यांत लोक बारमाही राहू लागले. मार्गेटला मात्र २००९ मध्ये लंडनची वेगवान गाडी आली, २०११ मध्ये टर्नर कंटेम्पररी हे कलादालन उघडलं आणि १९२० चा लाकडी रोलरकोस्टर जळाल्यावर पुन्हा उभारला गेला.

लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे पडताळून पाहणं सोपं आहे. फेनचर्च स्ट्रीटहून साउथएंड सेंट्रल सुमारे तासाभराचं अंतर. निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि मुद्दाम ओहोटीत पोचा. जाताना पिअरवरून चालत जा, येताना पिअरच्या छोट्या गाडीने या. टोकाला पोचेपर्यंत फळ्यांखाली चिखलच दिसत राहील.