‘कंडोम फाटला म्हणजे एचआयव्ही झालाच’: या संदेशातलं एकेक वाक्य तपासूया

एक छोटा संदेश सध्या या गटातून त्या गटात फिरतो आहे. त्यात लिहिलंय: “कंडोम फाटला तर एचआयव्ही लागलाच समजा. लगेच जंतुनाशकाने आतून धुऊन काढा. ७२ तासांच्या गोळ्या फक्त डॉक्टर-नर्सना मिळतात आणि त्यांनी किडनी जाते. तीन महिने कुठल्याच टेस्टमध्ये काही दिसत नाही, म्हणून दवाखान्यात जाऊन उपयोग नाही. ताप, घसादुखी, पुरळ आलं तर खात्री झाली. पुढे पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल.”

मी एचआयव्ही तपासणीआधी आणि नंतर लोकांशी बोलण्याचं काम करते. हा संदेश वाचून नवव्या दिवशी आलेला एक तरुण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नऊ दिवस तो घरात बसून होता, कारण ‘जाऊन उपयोग नाही’ असं त्याने वाचलं होतं. पहिल्या तीन दिवसांत आला असता तर त्याच्यासाठी जे करता आलं असतं, ते नवव्या दिवशी करता येत नव्हतं. म्हणून संदेशाचा क्रम बाजूला ठेवून मी गोळ्यांपासूनच सुरुवात करते. हे वाचणाऱ्या कुणाचे ७२ तास अजून संपले नसतील, तर पुढचा परिच्छेद वाचून लेख बंद करा आणि दवाखाना गाठा.

“गोळ्या फक्त डॉक्टर-नर्सना मिळतात, आणि किडनी जाते.” 
या उपचाराला पेप म्हणतात, म्हणजे संपर्क झाल्यानंतर घ्यायचं प्रतिबंधक औषध. सुई टोचलेल्या नर्ससाठी ते वापरलं जातं हे खरं. पण कंडोम फाटणं, निसटणं, लैंगिक अत्याचार, एकच सुई दोघांनी वापरणं या प्रसंगांसाठीही ते आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात. अट वेळेची आहे. शक्य तितक्या लवकर, काही तासांत सुरू झालं तर उत्तम, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत. त्यानंतर रोज, न चुकता, २८ दिवस.

७२ तासच का? शरीरात शिरलेला विषाणू पहिल्यांदा शिरल्याजागीच्या पेशींमध्ये असतो. तिथून जवळच्या लसिका ग्रंथींत आणि मग सगळीकडे पसरायला त्याला थोडा अवधी लागतो. तेवढ्या अवधीत औषधाने त्याची वाढ रोखली तर संसर्ग मूळ धरत नाही. एकदा मूळ धरलं की हे २८ दिवसांचं औषध ते उपटू शकत नाही.

किडनीबद्दल बोलायचं तर आज टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांचं मिश्रण सर्रास दिलं जातं. मळमळ, डोकेदुखी, थकवा, झोपेत थोडा बिघाड असे त्रास काहींना होतात आणि बहुतेकांचे काही दिवसांत ओसरतात. टेनोफोव्हिरमुळे किडनीवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणूनच डॉक्टर सुरुवातीला रक्त तपासतात. आधीपासून किडनीचा आजार किंवा हिपॅटायटिस बी असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा, कारण डोल्युटेग्रॅव्हिर त्यांच्याबरोबर नीट शोषलं जात नाही. निरोगी माणसाची किडनी २८ दिवसांत ‘जाते’ हे मात्र भय पसरवणारं विधान आहे.

“एचआयव्ही लागलाच समजा.” 
हे सर्वात जास्त खोटं आहे आणि सर्वात जास्त माणसांना छळतं. जोडीदाराला एचआयव्ही आहे, तो उपचार घेत नाही आणि कंडोमचं संरक्षण मिळालं नाही, असं सगळं वाईटच धरलं, तरी एका संबंधातून लागण होण्याचे वैद्यकीय अंदाज असे आहेत: योनिमार्गातून, स्त्रीला १०,००० वेळांत सुमारे ८, पुरुषाला सुमारे ४. गुदमार्गातून, आत घेणाऱ्याला सुमारे १३८, करणाऱ्याला सुमारे ११. मुखमैथुनातला धोका इतका कमी आहे की त्याचा नेमका आकडा काढणंच अवघड जातं.

आता जोडीदाराबद्दल काहीच माहीत नसेल तर? समजा, ती व्यक्ती अशा समूहातली आहे जिथे शंभरात एकाला उपचाराविना एचआयव्ही आहे. मग वरच्या ८ ला शंभराने भागावं लागतं, म्हणजे दहा लाखांत ८. मी हे गणित खोलीत कागदावर करून दाखवते, कारण मनातल्या मनात केलं की भीती शून्यं खाऊन टाकते.

आकडे सरासरीचे आहेत, हेही सांगायला हवं. जोडीदाराला नुकतीच लागण झालेली असेल तर त्याच्या शरीरात विषाणू फार असतात आणि धोका वाढतो. दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाची जखम असेल तरी वाढतो. म्हणून ‘लहान आकडा आहे, सोडून द्या’ असं मी म्हणत नाही. पेप घ्यायचं की नाही हे संबंधाचा प्रकार, जोडीदाराची माहिती आणि उलटलेले तास पाहून डॉक्टरांबरोबर ठरवायचं असतं.

आणि जोडीदाराला एचआयव्ही आहे हे माहीत असूनही चित्र पूर्ण वेगळं असू शकतं. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली गेलेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर-२’ अभ्यासात ७८२ समलिंगी पुरुष जोडपी होती. त्यांच्यात कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध झाले, आणि औषधावर असलेल्या जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेली लागण एकही नाही. औषध नियमित घेणाऱ्या माणसाला अजूनही संशयाने पाहिलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

“जंतुनाशकाने आतून धुवा.” 
कृपा करून धुऊ नका. योनीत किंवा गुदद्वारात पाण्याचा जोर, साबण, जंतुनाशक घातलं की आतली नाजूक त्वचा सोलवटते, आणि विषाणूला तीच वाट सोपी होते. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरे. गर्भधारणेची शक्यता असेल तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचा विचार त्याच दिवशी करा, तीही वेळेशी बांधलेली आहे. एचआयव्हीच्या धास्तीत ही गोष्ट हमखास राहून जाते.

“तीन महिने टेस्टमध्ये काही दिसत नाही.” 
जुन्या काळातलं हे वाक्य आजही जसंच्या तसं फिरतं. आज प्रयोगशाळेत केली जाणारी चौथ्या पिढीची तपासणी प्रतिपिंडांबरोबर (म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडीजबरोबर) पी-२४ हे विषाणूचं प्रथिनही शोधते. नसेतून घेतलेल्या रक्तावर ती साधारण १८ ते ४५ दिवसांत लागण पकडते. बोट टोचून होणारी, फक्त प्रतिपिंडं पाहणारी रॅपिड टेस्ट २३ ते ९० दिवस घेते. तीन महिन्यांचा आकडा इथून आला.

तरी दवाखान्यात पहिल्याच दिवशी जायचं असतं, आणि त्या दिवशीही टेस्ट होते. ती त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही, त्याआधीची स्थिती सांगते. पेप सुरू करण्याआधी ती माहिती लागते. पेप घेतलं असेल तर पुढच्या तपासण्यांच्या तारखा डॉक्टर देतील. सहसा एक चार ते सहा आठवड्यांनी आणि शेवटची बारा आठवड्यांनी असते. सिफिलिस, गनोरिया, हिपॅटायटिस बी यांची तपासणीही त्याच वेळी मागा. शेवटचा निकाल येईपर्यंत कंडोम वापरा आणि रक्तदान करू नका. ‘रक्तदान केलं की फुकट टेस्ट होते’ असा सल्ला देणारेही भेटतात. अगदी ताज्या लागणीतलं रक्त तपासणीतून निसटू शकतं आणि ते दुसऱ्या कुणाला तरी चढवलं जातं.

“ताप, घसादुखी, पुरळ आलं तर खात्री झाली.” 
लागण झालेल्या अनेकांना दोन ते चार आठवड्यांनी फ्लूसारखा आजार होतो, हे खरं. काहींना काहीच होत नाही. आणि हीच लक्षणं शेकडो साध्या विषाणूंनीही होतात. लक्षणांवरून एचआयव्ही आहेही म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही.

समोर बसलेल्या माणसाचं शरीर मात्र खरोखर बिघडलेलं असतं. धास्तीने तोंड कोरडं पडतं, पोट ढवळतं, जुलाब होतात, रात्री घाम फुटतो, अन्न जात नाही म्हणून वजन उतरतं. मानेतल्या गाठी दिवसातून वीस वेळा चाचपल्या की त्या दुखणारच. आरशात जीभ रोज पाहिली की तीही पांढरी दिसायला लागते. हे कुणी मुद्दाम करत नाही, आणि ‘मनाचे खेळ’ म्हणून त्याला उडवून लावणं मला क्रूर वाटतं.

अशा वेळी मी लोकांना तपासणीची तारीख कागदावर लिहायला सांगते, कारण मनाला ‘कधीतरी’ सोसवत नाही, ‘अमुक तारखेला’ सोसवतं. रात्री मोबाइलवर लक्षणं शोधायची नाहीत, हे त्याच कागदावर लिहायचं. प्रत्येक शोधाने दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा जास्त घबराट होते. एका माणसाला सांगायचं, फक्त एकाच, जो ओरडणार नाही. झोप आठवडाभर लागली नाही किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर एचआयव्हीच्या निकालाची वाट पाहायची नाही. मनाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं.

काहींचा निकाल वेळेवर आणि स्वच्छ निगेटिव्ह येतो, तरी ते पाचव्यांदा रक्त द्यायला येतात. त्यांच्याशी बोलल्यावर कळतं की विषाणूची भीती केव्हाच मागे पडली आहे. उरलेली असते ती त्या रात्रीबद्दलची टोचणी, घरच्यांशी खोटं बोलल्याची, किंवा आपण वाईट आहोत या समजुतीची. सहावी टेस्ट त्यावर औषध नाही. ती टोचणी कुणापुढे तरी मोकळी करावी लागते.

तो नवव्या दिवशी आलेला तरुण बारा आठवड्यांनी शेवटच्या तपासणीला आला. निगेटिव्ह. कागद हातात घेऊन बराच वेळ बसला आणि म्हणाला, “मॅडम, तो मेसेज मीपण चौघांना पाठवला होता.” मग तिथेच बसून त्याने त्या चौघांना ७२ तासांबद्दल लिहिलं.